ग्लँडवरची दुसरी खूण

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे शेठ. व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, ज्यांच्या दुकानातून आमचे सील येतात ते साहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते मामा. पहिल्या रांगेत बसलेल्या मामी. आणि कितीही हात धुतले तरी नखांत तेल घेऊन आलेले माझे सगळे सहकारी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी लिहून आणलं आहे, कारण उभा राहिलो की मला शब्द सुचत नाहीत. शाळा अर्धवट सुटली. ताईकडून तपासून घेतलं आहे. तिने शुद्धलेखनाची एकही चूक काढली नाही, फक्त एक भाग गाळायला सांगितला. तो मी गाळलेला नाही.

मामांविषयी काय बोलावं? हायड्रॉलिक सिलेंडर म्हणजे काय, हे मला त्यांनी शिकवलं. मामी, तुमच्यासाठी सांगतो. लोडरची बकेट उचलतो तो सिलेंडर. तेलाच्या दाबाने आतला रॉड बाहेर सरकतो. सिलेंडरच्या तोंडावर जे जाड झाकण असतं ते ग्लँड, आणि ग्लँडच्या आतल्या खाचेत सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं. सील गेला की तेल गळतं आणि उचललेली बकेट आपोआप खाली बसते. ताठ सील बोटांनी दुमडून त्या खाचेत बसवायचा, हे सगळ्यात अवघड काम. मामा म्हणायचे, "अरे, रुसलेल्या बायकोसारखं आहे ते. जोर केलास की संपलं." मामी हसताहेत, म्हणजे घरीही हेच ऐकवत असतील.

आमच्या वर्कशॉपची एक रीत आहे. ज्याने सिलेंडर बंद केला, त्याने ग्लँडवर पंचाने, म्हणजे ठसा उमटवायच्या पोलादी खिळ्याने, आपली खूण ठोकायची. मामांचे तीन ठिपके, माझी अर्धी चकती. दुसऱ्या कुणी तो नंतर उघडला, तर त्याने शेजारी आपली खूण ठोकायची. ही रीत मामांनीच घालून दिली. माझी पहिली खूण ठोकताना माझा हात धरला होता त्यांनी.

पाहुणे साहेब, तुमच्या सीलविषयी एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. तुमचा सील कधी तिरका कापलेला येतो का? साहेब मान हलवताहेत. नाही येत. अखंड येतो.

मागे एक लोडर आपल्याकडून दुरुस्त होऊन गेला आणि लगेच परत आला. आठवत असेल सगळ्यांना. त्याचा ऑपरेटर दारातूनच ओरडत आला होता, "सिलेंडर दुरुस्त केला की नळ बसवला रे? बकेट उतरली माझ्या पायाशी! जरा पुढे असतो तर लंगडत आलो असतो. कोण तो अर्ध्या चकतीवाला?"

ग्लँडवर माझी एकट्याची खूण होती. शेठनी सगळ्यांसमोर विचारलं. मी मामांकडे पाहिलं. मामा चष्मा पुसत म्हणाले, "पोरगं घाई करतं कधी कधी."

मी आणि घाई! मी घरून निघताना कुलूप ओढून बघतो, कोपऱ्यावरून परत येऊन पुन्हा ओढून बघतो. तुम्ही सगळे चिडवता मला त्यावरून. तरी त्या दिवशी कुणालाच शंका आली नाही. मला सिलेंडरच्या कामावरून काढलं आणि पाइप धुवायला बसवलं.

त्या सिलेंडरमधून निघालेला सील मला भंगाराच्या ट्रेमध्ये सापडला. तिरका कापलेला. कापला की तो अलगद खाचेत जातो, बोटांना त्रास होत नाही, आणि दाब आला की तिथूनच तेल सोडतो. हा काप मी एकदाच पाहिला होता. मामांनी दाखवला होता, ओशाळं हसत. "बोटं ऐकत नाहीत रे आता. तू मात्र असं कधी करू नकोस."

मी ताईला दवाखान्यात नेलं त्या दिवशी मामांनी माझा सिलेंडर तपासायला उघडला होता. वडीलधाऱ्याने धाकट्याचं काम तपासावं, त्यात गैर काय? उघडताना आतला सील फाटला. तेही कुणाचंही होऊ शकतं. नवा दुमडेना, म्हणून कापून बसवला. मला हे माहीत आहे, कारण मी तो सील त्यांच्यासमोर धरला तेव्हा त्यांनीच सांगितलं. वर म्हणाले, "निवृत्ती तोंडावर आली आहे रे माझी. तुझं वय आहे, तू भरून काढशील."

मामा, बोटांचं मला आधी सांगितलं असतं, तर मी तुमचे सगळे सील दुमडून दिले असते. कुणाला कळूही दिलं नसतं.

आत्ताच शेठ भाषणात म्हणाले, मामांनी मोठ्या मनाने माझी चूक पोटात घातली, माझ्यासाठी शब्द टाकला, म्हणून उद्यापासून मामांचं टेबल आणि मामांचा पंच माझा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनीही वाजवल्या.

शेठ, ते टेबल मला हवं आहे. फार हवं आहे. पण माफी मिळालेला माणूस म्हणून मी त्या टेबलाशी बसणार नाही.

इथे व्यासपीठावरच्या टेबलावर मी ठेवलेली, कापडात गुंडाळलेली वस्तू भेट नाही. तो त्याच लोडरचा ग्लँड आहे. सर्व्हिसिंगला आला आहे, उद्या परत बसवायचा आहे. माझ्या अर्ध्या चकतीशेजारी जागा रिकामी आहे. मामा, पंच अजून तुमच्या हातात आहे. हातोडी मी आणली आहे. तुम्हीच घालून दिलेली रीत आहे. एकदा पाळा, मग पंच मला द्या. हात थरथरला तर मी धरीन.

माझं बोलणं ऐकून घेतल्याबद्दल अध्यक्षांचा, पाहुण्यांचा आणि आपणा सर्वांचा मी आभारी आहे. मामी, तुमच्यासमोर हे बोलावं लागलं, त्याबद्दल क्षमा करा. या भाषणात जे काही चुकलं असेल ते पदरात घ्या. ते मात्र सगळं माझं आहे, त्यावर खूण माझीच समजा.

मामा, हातोडी इथे ठेवतो.