योसेफाच्या तोंडवळ्याचा राक्षस

संगमनेरच्या गाडीची वाट बघत नीलांबरीताई स्टँडवर जप करत बसल्या होत्या. गुरुवारचा उपास होता. शेजारी एक जोडपं होतं आणि दोघांच्या मधल्या गोणीतून दोन शिंगं वर आली होती.

"सिल्व्हिया, हळू धर. सिनेमातला राक्षस हाय, बटाटे न्हाईत. रबर फाटंल."

"फाटू द्या. तेवढाच भेसूर दिसंल. डायरेक्टर काय म्हनले? आज भ्या वाटलं न्हाई, तर राक्षस कॉम्प्युटरवर करनार."

"सुळे लावले, शिंगं लावली. अजून काय करू?"

"अवो, जन्मभर नाताळच्या गव्हाणीतले पुतळे केले तुमी. हात तिकडंच वळतो. ह्यो शिंगं फुटलेला संत योसेफ झालाय!"

"कायतरीच तुझं! मावशी, तुमीच बघा. भ्या वाटतंय का?"

गोणी खाली सरकली. हिरवट कातडं, लांब सुळे, आणि वर ते शांत, मायाळू डोळे. नीलांबरीताईंची माळ थांबली. हात आपोआप जोडले गेले.

"बघ, घाबरल्या!"

"घाबरल्या कुठं? पाया पडल्या त्या."

"भ्यालेला मानूस बी हात जोडतोच की!"

"मावशी, यांचं काम जाईल वो. भ्याला का पाया पडला, तेवढं खरं सांगा."

नीलांबरीताईंनी आपल्याच हातांकडे पाहिलं. उपासाच्या दिवशी खोटं बोलायचं नाही हा त्यांचा नेम, आणि खरं काय ते त्यांनाच उमगेना.

"परत एकदा दाखवता का?" त्या हळूच म्हणाल्या.