महिला क्रमांक सतरा

उमरीच्या बसस्थानकात ग्यानोबा नांदेडच्या गाडीची वाट बघत बसले होते. शेजारी बसलेल्या धुरपताबाईंनी पिशवीतून एक पुस्तक काढून आपल्या मैत्रिणीपुढं, गुणाबाईपुढं धरलं.

“वाच गुणा. रेशनावर विद्यापीठातल्या पोरीनं अहवाल लिहिलाय. त्यात माझं बोलणं हाय.”

“‘खुरपून खुरपून बोटाच्या रेघा झिजल्या. मशीन मला वळखत न्हाई, म्हणून मी उपाशी राहू का?’ लई खरं बोललीस, आक्का! पण खाली ‘महिला क्रमांक सतरा’ लिहिलंय की.”

“पोरगी म्हणली, नाव लपवावं लागतंय. दुकानदार तरास देईल.”

“बरोबर हाय तिचं.”

“मी काय चोरी केली व्हय? दुकानदाराच्या तोंडावर बी हेच बोलले मी.”

“ते साऱ्या गल्लीनं ऐकलंय!”

“मग सतराच्या खाली बघ.”

“पेनानं लिहिलंय… धुरपताबाई नागोराव. कुणी लिहिलं?”

“मीच. साठीत अक्षरं शिकले, ती काय झाकून ठेवायला?”

नांदेडची गाडी लागली, तरी दोघींचं बोलणं ऐकत बसलेले ग्यानोबा उठेनात.

“अक्षर जरा वाकडं हाय, आक्का.”

“असू दे. तुला वळखू आलं ना?”