काळ्या पार्श्वभूमीवरचं दव

अक्का, आणि आपल्या फोटो क्लबच्या मित्रांनो,

कामाचा दिवस असून एवढे सगळे आलात. चिटणीस म्हणून मला उभं केलंय. आज न बोलून चालायचं नाही.

अक्कांचे यजमान, आपले रंगोजीअण्णा गेले. थंडीत उजाडता उजाडता गवतात पोटावर पडायचे. एका हातात कॅमेरा, दुसऱ्यात बटर पेपर लावलेला फ्लॅश. श्वास रोखायचा आणि दवाचा एक थेंब टिपायचा. एवढाच त्यांचा नाद.

चार वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये स्पर्धेत त्यांची स्लाइड लागली. परीक्षक मी. थेंब लखलखीत, मागे काळाकुट्ट अंधार. मी माइकवर म्हणालो, "हे दव नाही. रात्री घरात पाणी शिंपडून काढलंय." बाद केली. काहीजण हसलेसुद्धा. अण्णा नुसते "सरी, बरं" म्हणाले आणि खाली बसले.

या हिवाळ्यात मी स्वतः फ्लॅश घेतला. चांगलं उजाडल्यावर बागेतलं दव टिपलं. रोल धुऊन आला, तर मागे काळाकुट्ट! अहो, इतक्या जवळून काढायचं तर लेन्सचं छिद्र बारीक ठेवावं लागतं. त्यातून दिवसाचा उजेड फारसा येत नाही; फ्लॅश जवळचा थेंब तेवढा उजळतो, मागचं काळंच येतं. परीक्षकाला हे ठाऊक नव्हतं!

दोन आठवडे टाळलं. मग एका रविवारी राजाजीनगरला अण्णांच्या घरी गेलो. म्हटलं, "अण्णा, चुकलो. तेव्हा भांडला का नाहीत?"

"तुमच्याकडे फ्लॅश कुठं होता? काय सांगायचं तुम्हाला? स्वल्प कॉफी घ्या की."

महिन्याभरात अण्णा गेले. तो रविवारही टाळला असता तर? नुसता विचारही नको वाटतो. आणि लगेच वाटतं, सुटलो. खरं सांगतो, दुःखापेक्षा तेच जास्त वाटतंय.

पण काल अक्का म्हणाल्या, "त्यांनी माफ केलं. मी नाही. खोटं ठरवलंत चारचौघांत, आणि माफी मागितलीत आमच्या स्वैपाकघरात."

बरोबर आहे, अक्का. म्हणून आज चारचौघांत सांगतो. ते दव खरं होतं. अण्णा खरे होते. चुकलो मी. याच माइकवर चुकलो होतो.

अक्कांनी मान डोलावली. बघितलंत ना सगळ्यांनी?

आता उभे राहू या. दोन मिनिटं कुणीच काही बोलू नका. मीसुद्धा.