शेजाऱ्याने तपासायची वही

नाव: सगळे मास्टर-की म्हणतात. वय चौपन्न. धंदा किल्ल्या बनवणे व कुलूपदुरुस्ती. राहणार बसथांब्यामागे, दुकानाच्याच माळ्यावर.

समक्ष हजर राहून जबाब देतो की, मी आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी शाळेत इंग्रजीच्या वर्गाला जातो. तिथले बाक आठ वर्षांच्या पोरांच्या मापाचे आहेत. गुडघे मावत नाहीत व शेजाऱ्याचे कोपर माझ्या बरगडीत असते. ही तक्रार लिहून घेता येत नाही, असे हवालदारसाहेब म्हणाले. माझे म्हणणे, घ्या, कारण सगळे त्या शेजाऱ्यापासूनच सुरू झाले.

सध्या क्रियापदाची रूपे चालू आहेत. 'उघडले', 'उघडले आहे', 'उघडत आहे', यातले कुठे कोणते, हे सहा महिन्यांत माझ्या डोक्यात शिरलेले नाही. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, पुस्तकातलं पाठ करू नका. स्वतःच्या कामातली खरी दहा वाक्यं लिहा, मग बसेल." आमच्या धंद्यात कोणाचे कुलूप उघडले हे बायकोलाही सांगत नाहीत. पण इंग्रजीतले कोण वाचतो, असे मला वाटले. मी लिहिले: बेकरीमागे तिसऱ्या मजल्यावर हिरव्या शिलाई मशीनवाल्या बाईंचे कुलूप मी बदलले आहे. त्या एकट्या राहतात. कुलूप बसवताना त्यांच्या मनगटावरचे वळ दिसले, ते लिहिले नाही.

वर्गाची पद्धत अशी की शेजाऱ्याशी वही बदलायची, घरी नेऊन तपासायची व खाली सही करायची. काल माझी वही शेजाऱ्याने नेली, त्याची मी आणली. तो ट्रक चालवतो. माणूस बरा आहे.

आज सकाळी सात वाजता चहा घेताना ती उघडली. चौथे वाक्य: माझी वहिनी घर सोडून गेली. पाचवे: तिने हिरवी शिलाई मशीन नेली. सहावे: माझा भाऊ तिला शोधत आहे. ते रूप त्याने अचूक लिहिले होते. चहा तसाच राहिला.

सात वीसला बेकरीमागे पोचलो. बाई म्हणाल्या, "दादा, या कुलपामुळे आता भीती नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?" मी त्यांची मशीन खांद्यावर घेतली.

त्या आता दुसरीकडे आहेत. कुठे, असे साहेबांनी दोनदा विचारले.

"अहो, पोलिसांनाही नाही सांगणार?"

"साहेब, एकदा सांगून बसलोय."

शेजाऱ्याने माझी वही वाचली की नाही, मला माहीत नाही. त्याच्या भावाला बोलावून समज द्यावी व बेकरीमागे आज एक शिपाई ठेवावा, एवढीच विनंती.

वरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवला, मी सांगितला तसाच उतरला आहे. बाईंचा नवा पत्ता त्यात नाही, हेही बरोबर.

सहीआधी एक जोडतो. शेजाऱ्याची वही सोबत जमा करत आहे. तपासून देणे लागत होतो. नऊ वाक्ये तपासली. दहावे, 'माझा भाऊ तिला शोधून काढेल', व्याकरणाने बहुधा बरोबर असावे. मी ते चूक दिले आहे. खाली सही केली आहे.