शोभाकाकूंची पाच मिनिटं

आजच्या सेवानिवृत्ती सोहळ्याचे अध्यक्ष, आपले सरपंच आदरणीय भैयाजी, मंचावर विराजमान मुख्याध्यापिका हर्षाताई, सत्कारमूर्ती गजेंद्र सर, मंचावर यायला ठाम नकार देऊन पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती शोभाकाकू, आणि आंजीच्या माझ्या सुज्ञ गावकऱ्यांनो,

मी विवेक, सरांच्याच शाळेत गणित शिकवतो. हर्षाताई आत्ता म्हणाल्या की गजेंद्र सर उभ्या नोकरीत एकदाही उशिरा आले नाहीत. तुम्ही टाळ्याही वाजवल्या. पण हे श्रेय नेमकं कोणाचं? सरांच्या घरातलं प्रत्येक घड्याळ, अगदी त्यांच्या मनगटावरचंसुद्धा, शोभाकाकू पाच मिनिटं पुढे ठेवतात. काकू, मान खाली घालू नका, आज सगळं बाहेर येणार आहे.

सरांना हॅम रेडिओचा, म्हणजे घरबसल्या जगभर बिनतारी गप्पा मारण्याचा नाद, हे गावाला ठाऊक आहे. शेजारच्या कडुनिंबाला बांधलेली त्यांची तार बघून लोक विचारायचे, कपडे एवढ्या उंच काऊन वाळवता? तो नाद लावला नालवाडीच्या नानाजींनी. सर त्यांना गुरू मानतात. नानाजी म्हातारपणी मुलाकडे ऑस्ट्रेलियात, पर्थला गेले आणि तिथे त्यांच्या कानांनी साथ सोडली. आता बोलायचं कसं?

सरांनी वाट शोधली. रेडिओला कंप्युटर जोडायचा, म्हणजे आलेला संदेश पडद्यावर अक्षरांत उमटतो. अट एकच, दोन्हीकडच्या कंप्युटरची वेळ तंतोतंत जुळली पाहिजे. एक मिनिट याने पाठवायचं, त्याने ऐकायचं. पुढच्या मिनिटाला उलट. सरांच्या नव्या सेटमध्ये थेट उपग्रहांवरून वेळ घेणारं घड्याळ होतं. दर रविवारी सर सेटमधलं ते घड्याळ एका वेगळ्या तारेनं कंप्युटरला जोडत, वेळ बरोबर करत आणि तार जपून कपाटात ठेवून देत.

तरी पर्थहून एक अक्षर येईना. सरांनी झाडावरची तार बदलली, कडुनिंब बदलला, शेवटी उपग्रहांवरही संशय घेतला. मग नानाजींच्या मुलाचा फोन आला. बाबा रोज सेटपुढे बसतात, म्हणाला, आणि विचारतात, गजू मला विसरला का? त्या दिवशी स्टाफरूममध्ये सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार वाईट वाटलं.

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. सर डोकं धरून बसलेले. काकू चहा घेऊन आल्या आणि मला सहज म्हणाल्या, "बापू, ते कंप्युटर लय आळशी आहे. दर सोमवारी पाहा तं मांगं राह्यते. घरातल्या साऱ्या घड्याळी मी पुढं करतो, मंग त्यालेच काऊन सोडू?"

लेकीनं, आचलनं, त्यांना कंप्युटरची वेळ बदलायला शिकवलं होतं! रविवारी सर वेळ बरोबर करत, सोमवारी काकू ती पाच मिनिटं पुढे करत, आणि पाच हा विषम आकडा, त्यामुळे पाळ्याच उलटल्या. म्हणजे गुरू आणि शिष्य, दोघंही एकाच मिनिटाला बोलत होते आणि एकाच मिनिटाला कान देऊन बसत होते. अशानं कोणाचं काय ऐकू येणार? हे तर आपल्या ग्रामसभेसारखं झालं. अध्यक्ष महाराज, हे आपल्याला उद्देशून नाही.

सर इतके हसले की बशीतला चहा सांडला. लगेच कपाटातून तार काढली, वेळ जुळवली, संदेश पाठवला. आम्ही तिघं पडद्याकडे बघत उभे. नानाजींच्या पाळीचं मिनिट सरलं आणि इंग्रजी अक्षरांत आपली वऱ्हाडी उमटली: "लेट झाला गजू."

उभ्या आयुष्यात सरांना उशिराबद्दल तेवढीच बोलणी बसली, आणि ती वाचून ते लहान पोरासारखे रडले. काकूंनी पदरानं त्यांचा चष्मा पुसून दिला. त्या दिवसापासून ती वेळेची तार सेटला जोडलेलीच आहे, काकूंनी कंप्युटर पुढे केलं तरी ते आपोआप ताळ्यावर येतं.

सर, शाळेच्या वतीनं हे भिंतीवरचं घड्याळ स्वीकारा. त्याची वेळ आज दुपारी तुमच्या सेटवरून लावून आणली आहे. आता शाळा नाही, घंटा नाही, तेव्हा काकू, याला तरी हात लावू नका.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या. तिकडे पर्थला नानाजी सेटपुढे सरांची वाट बघत आहेत, म्हणून आवरतो. उपग्रहाच्या घड्याळानं मी अगदी वेळेत थांबतोय. काकूंच्या घड्याळानं पाच मिनिटं उशीर झालाय, तेवढी क्षमा असावी.