पुढून एक, मागून दुसरी

मिस्त्री : परत फिरवा, डॉक्टरबाई. सावकाश. चाकाचा पुरा एक फेरा झाला की थांबा. इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टवर खडूची खूण केलीय, ती किती फेरे घेते ते मी खाली पडून मोजतोय.

डॉक्टरबाई : दोन्ही चाकं बरोबर फिरवायची तर दोन्हीकडे माणूस हवा. अरे, तिकडचं धर ना! नवरा म्हणून आलायस की प्रेक्षक म्हणून?

घड्याळजी : धरतो की. पण मागचं कशाला मोजायचं? बिघाड पुढेच असणार.

मिस्त्री : तुम्हाला कसं कळलं, घड्याळजी?

घड्याळजी : अंदाज.

मिस्त्री : हं. मघाशी पुढचा शाफ्ट पावणेचार फेऱ्यांच्या जरा अलीकडे थांबला होता. आणि हा मागचा... चार... साडेचार... वर थोडा अजून. थांबा. परत एकदा.

डॉक्टरबाई : काय झालं?

मिस्त्री : तेच आलं. बाई, तीस वर्षं मी गाड्यांखाली झोपतोय. पण पुढून एक गाडी आणि मागून दुसरी, असं आजच बघतोय.

डॉक्टरबाई : नीट सांगा हो. मला गुरांचं कळतं, गाडीचं नाही.

मिस्त्री : आधी तुम्ही सांगा. दुखणं कधीपासूनचं?

डॉक्टरबाई : दोन महिन्यांपूर्वी यानं वाढदिवसाला मला हे मोठे टायर दिले.

मिस्त्री : बायकोला वाढदिवसाला चार टायर?

घड्याळजी : पाच. स्टेपनी धरून.

डॉक्टरबाई : त्या दिवसापासून गाडी मरतुकडी झाली. एवढ्याशा चढाला पहिला गिअर. मला आत चढायला खोकं ठेवावं लागतं ते वेगळंच. गाडीला चढ चढवेना आणि मला गाडी!

मिस्त्री : होणारच. इंजीन तेवढंच, चाक मोठं. लहान पोराच्या पायात बापाचे बूट. घोडं मेलं ओझ्यानं आणि...

डॉक्टरबाई : आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं. मिस्त्री, माझ्या धंद्यात ही म्हण बोलत नाहीत.

मिस्त्री : चुकलो. पुढे?

डॉक्टरबाई : पुढे गंमतच. गेल्या सोमवारी गाडी आपोआप बरी झाली. चांगली ओढायला लागली. मी म्हटलं, बरं झालं, अंगचाच दोष होता, गेला.

मिस्त्री : आपोआप बरी होतात ती जनावरं. गाडी नाही होत.

डॉक्टरबाई : म्हणून तर आलेय ना! काल वरच्या वस्तीच्या चढावर चारही चाकांचा गिअर टाकला. खालून असा धाडकन आवाज आला की रस्त्याकडेच्या मेंढ्या उधळल्या. गाडी कण्हतेय, स्टिअरिंग हातातून ओढून घेतेय. शेवटी अख्खा चढ रिव्हर्समध्ये उतरले. वर धनगर टाळ्या वाजवत होता.

मिस्त्री : आणि सोमवारच्या आधी काय होतं? रविवार. रविवारी गाडी कुठे होती?

डॉक्टरबाई : घरीच. मी बहिणीकडे गेले होते, हा एकटा... अहो.

घड्याळजी : काय?

डॉक्टरबाई : अहो, इकडे बघा ना जरा.

घड्याळजी : मिस्त्री, ही मला एरवी 'अरे' म्हणते. 'अहो' म्हणाली की समजायचं, आपलं काही खरं नाही.

डॉक्टरबाई : रविवारी काय केलंत?

घड्याळजी : मागच्या दोन चाकांमधलं डिफरन्शियल उघडलं. आतले दोन गिअर बदलले. आधी अकरा दातांच्या छोट्या पिनियनवर एकेचाळीस दातांचं मोठं क्राऊन चाक होतं. आता नऊवर एकेचाळीस. टायर जेवढा वाढला तेवढं जवळपास भरून निघतं. मी हिशेब करूनच...

मिस्त्री : हिशेब बरोबर आहे.

घड्याळजी : बघ! बरोबर आहे म्हणतात!

मिस्त्री : अर्ध्या गाडीचा बरोबर आहे. पुढचं का नाही बदललंत?

घड्याळजी : खोक्यात एकच जोड आला. मला वाटलं, रोज तर ही मागच्याच चाकांवर चालते. पुढची आपली सोबतीला.

मिस्त्री : सोबतीला असली तरी चारचा गिअर टाकला की हातात हात घालून चालायचं असतं. पुढची म्हणतात पळा, मागची म्हणतात दमानं. मधल्या मध्ये गिअरबॉक्सचा जीव जातो.

डॉक्टरबाई : तू घड्याळं दुरुस्त करतोस! मनगटावरची!

घड्याळजी : दात ते दात. घड्याळात काय नि गाडीत काय.

मिस्त्री : घड्याळाला चढ चढायचा नसतो, साहेब. सरका जरा, मागचा शाफ्ट हातानं हलवून बघतो. ...हे कोणी बसवलं म्हणालात?

घड्याळजी : मीच. का? वाईट बसलंय?

मिस्त्री : सैल खेळत नाही, कुरकुर नाही. दातांमधलं अंतर कशानं धरलंत?

घड्याळजी : दुकानातला डायल गेज आणला होता, केसाएवढं अंतर दाखवणारा. दातावर दात कसा बसतो ते निळा रंग लावून ठशात बघितलं. सात वेळा खोललं. आठव्यांदा ठसा मनासारखा उमटला.

मिस्त्री : मी तिसऱ्यांदाच सोडून देतो.

डॉक्टरबाई : तुम्ही त्याचं कौतुक करू नका हो! थांबा, फोन. वस्तीवरून आहे. हां, बोल... कधी फुटली पाण्याची पिशवी?... एकच पाय? आणि नाक?... ऐक, तिला आडवी होऊ देऊ नकोस. उभी कर, चालव. जोर करू द्यायचा नाही. मी निघाले. ...मिस्त्री, घोडी अडलीय. पिल्लाचा एक पाय आत दुमडलाय. मला आत्ता वर जायचंय.

मिस्त्री : ह्या गाडीत?

डॉक्टरबाई : दुसरी कोणती आहे?

मिस्त्री : तीन आहेत. तिघींची पोटं उघडी आहेत.

घड्याळजी : पुढचे गिअर आत्ता बदलता नाही येणार?

मिस्त्री : आज नाही. आधी जोड मागवायला हवा, मग तुमच्या हातानं आठ खेपा, माझ्या हातानं तीन. पण... सतरा नंबरचा पाना द्या. तो नाही, शेजारचा. पुढचा शाफ्टच काढून टाकतो. आठ बोल्ट. मग चारही चाकांचा लो गिअर टाकलात तरी ताकद फक्त मागे जाईल. भांडायला पुढे कोणी राहणारच नाही.

डॉक्टरबाई : दोन चाकांवर तो चढ चढेल?

मिस्त्री : गिअर नवा आहे, ताकद आहे. पण मागे वजन हवं, नाहीतर चाक जागेवरच खडी उडवेल. दाराशी आग विझवायला वाळूची दोन पोती ठेवलीत, ती टाका.

डॉक्टरबाई : पुरतील?

मिस्त्री : नाही. पण तिसरं पोतं आपल्या पायानं चालत आलंय.

घड्याळजी : मी? दुकान उघडं आहे माझं!

डॉक्टरबाई : बसा. अहो.

(वरच्या वस्तीचा चढ. डॉक्टरबाई गाडी चालवतेय, घड्याळजी मागे वाळूच्या पोत्यांवर.)

घड्याळजी : आई गं! डोकं!

डॉक्टरबाई : खाली वाक. मागच्या चाकाच्या बरोबर वर बस, मधे नको.

घड्याळजी : वळणावर दरी आहे!

डॉक्टरबाई : रोजच असते. गप्प बस.

घड्याळजी : ओढतेय पण. ऐक ना, कशी एका सुरात ओढतेय.

डॉक्टरबाई : ऐकतेय. ...एवढा उद्योग केलास कशासाठी? जुनी गाडी चालत होती की.

घड्याळजी : गेल्या पावसाळ्यात तू ओढ्यात अडकलीस. गाडी तिथेच सोडून चालत घरी आलीस. दारात बूट उलटे केलेस, वाटीभर पाणी निघालं. म्हणालीस, 'काही नाही झालं.' मी वाचलं होतं, टायर मोठे केले की गाडी उंच होते, पाणी लागत नाही.

डॉक्टरबाई : मग सांगायचं ना.

घड्याळजी : तू नको म्हणाली असतीस.

डॉक्टरबाई : म्हणालेच असते. धर घट्ट, शेवटचं वळण. चाक घसरतंय... मागे टेक, मागे!

घड्याळजी : टेकलोय! याहून मागे रस्ताच आहे!

डॉक्टरबाई : चल बाई, चल... चल... आली! उतर. पेटी घे, दोर घे. पळ!

*

डॉक्टरबाई : मालक, तुम्ही घोडीचं डोकं सोडू नका. तू इकडे ये. बाह्या वर कर.

घड्याळजी : मी? मी पेटी धरतो.

डॉक्टरबाई : पेटी जमिनीवर राहते. दोराचं हे टोक धर. मी आधी पिल्लाला मागे ढकलतेय, पाय सरळ करायला जागा हवी. ...थांब... खूर माझ्या मुठीत आहे, म्हणजे आत कुठे खुपायचं नाही. ...आला. आला सरळ. आता दोन्ही पायांना फास.

घड्याळजी : डोळे मिटले तर चालेल?

डॉक्टरबाई : चालेल. दोर सोडू नकोस. ती जोर करेल तेव्हाच ओढायचं. खाली, तिच्या टाचांच्या बाजूला. झटका नाही. आता!

घड्याळजी : ओढतोय!

डॉक्टरबाई : सोड. दम घेऊ दे तिला. ...आता! सावकाश. केसाकेसानं. तुला जमतं ते. हं... हं... धर! खाली धर, पडू देऊ नकोस!

घड्याळजी : धरलं. अगं, केवढं गरम आहे हे. ...हलत का नाहीये?

डॉक्टरबाई : सरक. नाक पुसू दे. ते वाळलेलं गवत दे. चोळ. जोरात चोळ, छातीवर.

घड्याळजी : चोळतोय. हलत नाहीये गं.

डॉक्टरबाई : बोलू नकोस. चोळ.

(घड्याळजी गवताची दुसरी मूठ घेऊन चोळत राहतो.)

(डॉक्टरबाई पिल्लाचं नाक पुन्हा पुसते.)

घड्याळजी : शिंकलं! ते शिंकलं का गं?

डॉक्टरबाई : शिंकलं.

*

घड्याळजी : मिस्त्रींचा फोन होता. विचारत होते, गाडी कशी आहे. मी म्हटलं, चार पायांवर उभं राहिलंय. ते म्हणाले, चार कुठून आले, मी तर दोनच ठेवले होते.

डॉक्टरबाई : आणि पुढचे गिअर?

घड्याळजी : मागवतायत. म्हणाले, बसवायला तुम्हीच या, मी शेजारी उभा राहून बघतो.

डॉक्टरबाई : जा. पण मला सांगून जा.

घड्याळजी : सांगून जातो. ...बघ, कसं पितंय. पाय किती लांब आहेत त्याचे, नीट ठेवताही येत नाहीयेत. नेहमी असंच होतं का गं?

डॉक्टरबाई : नेहमी नाही. कधी कधी शिंकत नाही.

घड्याळजी : मग तू काय करतेस?

डॉक्टरबाई : हात धुते. मालकाशी दोन शब्द बोलते. गाडीत बसते आणि खाली येते.

घड्याळजी : मला कधी सांगितलं नाहीस.

डॉक्टरबाई : तू कधी वर आला नव्हतास.