खांडीत मांडलेल्या खुर्च्या

हसू नका गो, आमचा फुटलेला खारबांध खुर्च्यांनी बांधला, हे खरं हाय.

वडखळच्या बाजूला आमचं गाव. बांध फुटून खाडीचं खारं पाणी शेतात शिरायला लागलेलं. सरकारी साहेब म्हणायचे, "कंपनीने मशीन दिलं की मंजुरी देतो." रोह्याच्या कंपनीचे साहेब म्हणायचे, "आधी मंजुरी, मग मशीन." संस्थेच्या ताई म्हणायच्या, "या दोघांचं ठरू दे, माणसं आम्ही उभी करतो." ग्रामपंचायतीत पंख्याखाली चहा पिऊन दरवेळी हेच.

माझं डोकंच फिरलं. पुढची मीटिंग आम्ही बचत गटाच्या बायकांनी ठेवली. बांध फुटला होता तिथे, त्या खांडीतच, ओहोटी बघून फळ्या टाकल्या आणि खुर्च्या मांडल्या. पाहुणे बसले. एकमेकांचे आभार मानून झाले आणि पुन्हा तीच टेप सुरू झाली. तेवढ्यात भरती लागली. पाणी बुटांत शिरलं तसे तिघंही उठले.

"अहो, खुर्च्या मागे घ्या!" सरकारी साहेब ओरडले.

मी बसल्या जागेवरून हलले नाय. म्हटलं, "कुठे मागे, साहेब? मागे आमचं भात उभं हाय."